सहाव्या श्रेणीची खुर्ची

मुख्य कार्यालय
६ जानेवारी

गोगलगाय,

तुझं पत्र कार्यालयाच्या टपालथैलीतून आलं, पण तीन टेबलं फिरून आलं. पाकिटावर माझं पद लिहायला विसरलीस. "सभा साहाय्यक, श्रेणी पाच" एवढं लिहायला हात मोडतो का तुझा? इथं माणसाची आधी श्रेणी बघतात, नाव मग.

बदलीची रडकथा वाचली. मुख्य कार्यालयात यायला तू पुन्हा अर्ज केलास आणि तो पुन्हा परत आला. येणारच होता. आस्थापनेचे साहेब परवा कॉफीच्या रांगेत माझ्यामागे उभे होते. म्हणाले, "तुमच्या ओळखीची ती विभागीय कार्यालयातली बाई, कशी आहे हो?" मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, "कष्टाळू आहे, पण वकूब बेताचा. तिसऱ्या श्रेणीत शोभते." तुला वाईट वाटेल, पण मी तुझ्या भल्याचंच बोलले. झेपत नाही तिथं चढू नये, पडलं की लोक हसतात.

आणि 'ओळखीची' म्हणाले बरं का. तुला चिकटवताना मी तसंच सांगितलं होतं आणि तूही नातेवाइकांच्या रकान्यात रेघ मारली होतीस. संस्थेला नात्यागोत्याचा विटाळ आहे. ते आहे तसंच राहू दे. सगळ्यांना सांगत सुटू नकोस, मी तुझी नणंद म्हणून.

आता माझं ऐक. वरून हुकूम आलाय. वर्षअखेरीला आमच्या विभागातल्या पाचव्या श्रेणीच्या खुर्च्या उचलून तुमच्यासारख्या स्वस्त देशांत नेणार. चौथीची एक ठेवणार, कारण पाण्याचे जग आणि नावाच्या पाट्या कुणीतरी हातानंच उचलायला हव्यात. सहावीच्या वरच्यांना हात लावणार नाहीत. म्हणजे वर्षभरात माझी खुर्ची पाचवीतून सहावीत गेली तर मी वाचले. नाहीतर खुर्ची गेली, खुर्चीबरोबर या देशात राहायचा परवाना गेला आणि परवान्याबरोबर घर. मग काय तुमच्या दारात येऊन बसू? माझ्या धाकट्या भावाच्या, बाळच्या तोंडाकडे बघत? मरण बरं.

माझ्या भावाला नीट जेवायला घालतेस ना? मागच्या फोटोत गालफडं बसलेली दिसली. त्याला सांग, ताई सहावीत जाणार म्हणजे जाणार.

ताई
सभा साहाय्यक, श्रेणी पाच


विभागीय कार्यालय
२३ जानेवारी

वन्सं,

तुम्हाला वाकून नमस्कार. पाकिटावर या वेळी पद लिहिलं आहे, बघून घ्या.

साहेबांना तुम्ही सांगितलंत ते बरोबरच असणार. तुम्ही मला माझ्यापेक्षा जास्त वर्षं बघताय असंच मला नेहमी वाटतं. बदलीचा विषय मी आता तुमच्याकडे काढणार नाही.

हे बरे आहेत. नोकरीचं अजून कुठे जमत नाही. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी झोप आणि संध्याकाळी तुमचं कौतुक. "ताई नसती तर मी आज कुठे असतो?" असं रोज एकदा तरी विचारतात. मी ऑफिसातून आलेली असते, भाजी चिरत असते, मान हलवते. गालफडांचं म्हणाल तर त्यांनी दाढी ठेवायची की काढायची याचा निर्णय अजून झालेला नाही, म्हणून फोटोत तसं दिसलं.

एक सुचवू का? लहान तोंडी मोठा घास होईल. आमच्या आस्थापनेत गेल्या वर्षापासून माझ्याकडे खुर्च्यांच्या वर्णनांचं काम आहे. प्रत्येक खुर्चीचं काम काय, जबाबदारी किती, बसणाऱ्याला काय काय यायला हवं, हे मी टाइप करते आणि ते तुमच्याकडच्या परीक्षकाकडे जातं. तो गुण देतो आणि गुणांवरून श्रेणी ठरते. कुठल्या वाक्याला किती गुण पडतात ते बघून बघून थोडं कळायला लागलं आहे. तुमच्या खुर्चीचं वर्णन पाठवलंत तर मी वाचून बघेन. चुका काढायला नाही, नुसतं वाचायला.

तुमची
धाकटी


मुख्य कार्यालय
१२ फेब्रुवारी

गोगलगाय,

तू मला शिकवणार? कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय! पण असू दे, बाळनंही चिठ्ठी जोडली होती म्हणून वर्णन पाठवते आहे. त्याचा शब्द मला मोडवत नाही.

वाच आणि डोळे उघड. तुम्हा लोकांना वाटतं, सभा साहाय्यक म्हणजे खुर्च्या मांडणारी. अगं, मी जग बसवते! परवाच्या परिषदेत दोन देश एकमेकांशी बोलत नव्हते आणि वर्णक्रमानं नेमके शेजारी आले. मी मध्ये एक बेट आणून बसवलं. बेटाच्या प्रतिनिधीला कळलंच नाही आपण कशासाठी बसलोय, तो बिचारा तीन दिवस दोघांना पेपरमिंटच्या गोळ्या वाटत होता. एक म्हातारे प्रतिनिधी भाषणात घोरतात. त्यांना मी खांबाआड देते. दुभाष्यांच्या काचेच्या खोल्या, कानाला लावायची यंत्रं, कुणाला पायऱ्या चढवत नाहीत, कुणाला खिडकी लागते, सगळं या डोक्यात. आमचे विभागप्रमुख दर चार वर्षांनी बदलतात. येताना विचारतात, "सभागृह कुठे आहे?" आणि जाताना पदक घेऊन जातात.

आणि मी? हात नसलेल्या खुर्चीत. इथं सहावीपासून हातांची खुर्ची मिळते, दारावर धातूची पाटी मिळते. पाचवीला कागदाची पट्टी. साफसफाईवाला दर सोमवारी ओलं फडकं मारतो आणि माझं नाव पुसलं जातं.

विभागप्रमुखांनी वर्णन वरवर वाचलं, म्हणाले, "छान." परीक्षकानं मात्र मागच्या वेळी परत पाठवलं होतं. शेरा काय, तर "हे काम साधारण शालेय शिक्षण असलेली कोणतीही व्यक्ती करू शकेल." कोणतीही! त्याला एक दिवस आणून बसवते त्या दोन देशांच्या मध्ये.

वाच आणि लवकर परत पाठव. तुझी ती घरबसल्या मिळवलेली टपाली पदवी काही कामाला येते का बघू.

ताई


विभागीय कार्यालय
३ मार्च

वन्सं,

वर्णन दोनदा वाचलं. बेटाचं वाचून हे इतके हसले की ठसका लागला. काम तुम्ही फारच सुंदर लिहिलं आहे. त्यातलं एक अक्षर बदलू नका.

गुण कमी पडतात ते शेवटच्या भागात. "या खुर्चीसाठी आवश्यक पात्रता" या मथळ्याखाली तुम्ही शालेय शिक्षण आणि दोन भाषा लिहिल्या आहेत. परीक्षक आधी तेच वाचतो. ज्या खुर्चीला शाळा पुरते ती खुर्ची त्याच्या लेखी पाचवीच. आमच्याकडच्या दोन खुर्च्या मी वर जाताना बघितल्या. दोन्हींना विद्यापीठाची पदवी आणि संस्थेची तिसरी भाषा आवश्यक म्हणून लिहिलं होतं. लिहावं की नाही ते तुम्ही ठरवा. मी फक्त गुण कसे पडतात तेवढं सांगते.

इथं आमच्या साहेबांनी एक गोष्ट मला सांगितली होती, तीच तुम्हाला सांगते. वर्णनात खुर्चीला काय लागतं ते लिहायचं असतं. बसलेल्या माणसाला काय येतं, त्याच्याशी परीक्षकाला देणंघेणं नसतं.

काही चुकलं असेल तर पदरात घ्या. ह्यांना मी सांगितलं की तुम्हाला असं असं लिहिलं आहे, तर म्हणाले, "ताईला बरोबर कळतं, तू काळजी करू नको."

धाकटी


मुख्य कार्यालय
१५ जून

गोगे, गोगे, गोगे!

झाली! खुर्ची सहावीत गेली! आज सकाळी परीक्षकाचं पत्र आलं. "कामाचे स्वरूप उच्च दर्जाचे असून पदवी व तीन भाषांची आवश्यकता पटण्यासारखी आहे." पटण्यासारखी! इतकी वर्षं तेच काम केलं ते पटलं नाही, दोन ओळी वाढवल्या आणि पटलं. मी विभागात पेढ्यांऐवजी चॉकलेटं वाटली. चौथीतली, पाण्याचे जग भरणारी ती बाई निवृत्त होतेय, तिलाही दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मत्सर, दुसरं काय.

तुझ्या सूचनेचा थोडाफार उपयोग झाला हे मी नाकारत नाही. आंधळ्याच्याही हाती कधी कधी मोहर लागते.

आता एक उपचार राहिलाय. खुर्ची वर गेली की ती सगळ्यांसाठी जाहीर करावी लागते, म्हणजे कुणी वशिला म्हणायला नको. मीही अर्ज करायचा. विभागप्रमुख म्हणाले, "तुमचीच खुर्ची आहे, तुम्ही अर्ज करा, बाकी बघू." मला कुणाची धास्ती नाही. आस्थापनेच्या साहेबांनी विचारलं, विभागीय कार्यालयांतून कुणी येण्यासारखं आहे का. म्हटलं, "तिकडे? तिकडे सगळा आनंद आहे." दोघंही खूप हसलो.

घराच्या करारावर मी आजच पुढच्या वर्षांची सही केली. खिडकीला नवे पडदे सांगितलेत. बाळला म्हणावं, ताईच्या घरी आता हक्कानं ये. तुलाही आण म्हणावं.

ताई
(लवकरच) वरिष्ठ सभा साहाय्यक, श्रेणी सहा


विभागीय कार्यालय
४ जुलै

वन्सं,

तुमचं पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. खुर्ची सहावीत गेली, फार आनंद झाला. मनापासून लिहिते आहे.

इकडे विशेष काही नाही. दोन वर्षं सकाळचा भाषेचा वर्ग चालू होता तो संपला, प्रमाणपत्र मिळालं. कामाचा ढीग आहे म्हणून पत्र लहान लिहिते. ह्यांनी दाढी काढली. हे सारखं म्हणतात, "ताईला भेटून किती वर्षं झाली, आता तिकडेच जाऊ." बघू या कसं जमतं.

पडदे कुठल्या रंगाचे घेतलेत?

धाकटी


मुख्य कार्यालय
२८ ऑगस्ट

वहिनी,

पडद्यांचं मरू दे. माझा अर्ज पहिल्याच चाळणीत गळाला.

मुलाखतीलासुद्धा बोलावलं नाही. आस्थापनेतली एक पोरगी, काल आलेली, मला म्हणते, "मॅडम, तुमच्याकडे पदवी नाही. वर्णनात आवश्यक आहे." म्हटलं, "बाई, ते वर्णन मी लिहिलंय!" तर म्हणते, "हो, म्हणूनच तुम्हाला माहीत असायला हवं होतं." मी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी खांदे उडवले. म्हणाले, "नियम खुर्चीला असतो, मी काय करू?" ज्या माणसाला सभागृह कुठे आहे ते मी दाखवलं, त्यानं मला दार दाखवलं.

पदवी नाही! का नाही, ते तुझ्या नवऱ्याला विचार. आई गेली तेव्हा बाळ शाळेत होता. मी कॉलेज सोडून टंकलेखन शिकले, म्हणून तो कॉलेजात गेला. गेला आणि नापास होऊन आला ते वेगळं. पण मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. तुला तो पदवीधर हवा होता, म्हणून लग्नात मीच खोटं सांगितलं होतं.

आता कामाचं. निवड झाली आहे, असं कळतं. कुठल्याशा विभागीय कार्यालयातली कुणीतरी सटवी आहे. तू आस्थापनेत आहेस, कोण आहे ते शोधून काढ. स्वभाव कसा आहे, कुणाच्या शब्दातली आहे, सगळं. कारण माझा आता एकच दोर शिल्लक आहे. ती जग भरणारी बाई जातेय, तिची चौथीची खुर्ची रिकामी होतेय. मी एक श्रेणी खाली उतरून ती मागू शकते. पण तिथं कुणाला बसवायचं ते ही नवी ठरवणार. तिनं नाही म्हटलं तर डिसेंबरअखेर मी या देशाच्या बाहेर.

चौथीत, वहिनी. या वयात पाण्याचे जग उचलीन मी. पण हे शहर सोडून जाणार नाही. इथं मला रस्त्यातली माणसं ओळखतात.

लगेच लिही. अडला हरी म्हणून तुझे पाय धरतेय असं समजू नकोस, काम सांगतेय.

ताई


विभागीय कार्यालय
११ सप्टेंबर

वन्सं,

शोधायला लागलं नाही. ती मीच.

मी अर्ज जाहिरातीच्या पहिल्या दिवशीच केला. माझ्याकडे पदवी आहे, टपाली असली तरी विद्यापीठाचा शिक्का खरा आहे. तिसरी भाषाही आहे. मुलाखतीत त्यांनी बसण्याच्या रचनेबद्दल विचारलं, तेव्हा मी बेटाची गोष्ट सांगितली. त्यांना फार आवडली. तुमचं नाव घेतलं नाही, कारण आपली नुसती ओळख आहे.

तुम्ही विचाराल, मार्चमध्ये सल्ला दिला तेव्हा हे माझ्या मनात होतं का? होतं. मी ते वाक्य तुम्हाला लिहिताना नीट विचार करून लिहिलं होतं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. तुम्ही वाचलंत ते खुर्ची म्हणजे आपणच असं समजून. मला वाटलं होतं, एकदा तरी तुम्हाला शंका येईल. पण शंका यायला आधी मला अक्कल आहे हे मान्य करावं लागलं असतं.

आम्ही दोघं तुमच्याकडे राहायला आलो होतो, आठवतं? तुम्ही ऑफिसातल्या लोकांना जेवायला बोलावलं होतं. मी स्वयंपाकघरातून ताटं आणत होते. तुमच्या विभागातल्या बाईंनी विचारलं, "या कोण?" तुम्ही म्हणालात, "घरात मदतीला आल्या आहेत." हे शेजारीच बसले होते. ते पाणी प्यायले. मी दुसऱ्या श्रेणीत होते तेव्हा, तुम्हाला लाज वाटली असणार. मी त्या दिवशी उरलेली सगळी भांडी घासली आणि मग ठरवलं की आपण परत यायचं.

चौथ्या खुर्चीबद्दल. नियम असा आहे की नात्यातलं माणूस आपल्या हाताखाली ठेवता येत नाही, नवऱ्याची बहीणसुद्धा नाही. नवीन पदावर रुजू होताना मला आणि ह्यांना नातेवाइकांची घोषणा पुन्हा भरून द्यायची आहे. मी आजवर तुमच्या सांगण्यावरून रेघ मारत आले. आता एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसताना खोटं लिहावं असं मला वाटत नाही. तेव्हा चौथीचं विसरा.

हे म्हणतात, ताईनं खूप केलं, आता आराम करावा. आमचं इथलं घर रिकामं होणारच आहे. भाडं तेवढं वेळेवर द्यावं लागेल.

धाकटी


मुख्य कार्यालय
२४ सप्टेंबर

गोगलगाय आणि पोटात पाय! लहानपणापासून ही म्हण ऐकली आणि तुला नाव ठेवताना नुसती तुझी चाल बघितली, पोट बघितलंच नाही. घरात घेतलं, नोकरीला लावलं, भाऊ दिला, आणि तू माझ्याच घासात माशी होऊन पडलीस. तुझं वाटोळं होईल. त्या खुर्चीवर तुला एक दिवस सुखानं बसायला मिळणार नाही, मी मिळू देणार नाही. मी साहेबांना सांगेन, ही माझी भावजय आहे, हिनं इतकी वर्षं खोटं लिहून दिलंय. बुडायचं तर दोघी बुडू.

* * *

वरचं काल लिहिलं होतं. फाडणार होते, पण राहू दे. वाचलंस तर तुला बरंच वाटेल.

आज मी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन आले. खिडकीतल्या माणसाला विचारलं, नोकरी संपल्यावर किती दिवस राहता येतं. तो म्हणाला, "कशासाठी राहायचंय?" कोण आहे इथं, म्हणाला. कुणी नाही. तिकडे तरी कोण आहे. बाळ तर इकडे येणार.

साहेबांना मी काहीही सांगणार नाही, कारण मीच रेघ मारायला सांगितली होती हे आधी बाहेर येईल.

वहिनी, ऐक. तू म्हणतेस खोटं लिहिणार नाही. पण आपलं नातं इथं कुणाला माहीत आहे? मी कुणाला सांगितलंच नव्हतं. त्या जेवणात तुला मदतीला आलेली म्हटलं, बाळचीही भाऊ म्हणून ओळख करून दिली नव्हती, त्याचा आता उपयोगच होईल. आडनाव एक आहे, पण इथल्या लोकांना आपली सगळी आडनावं सारखीच वाटतात. तू पुन्हा रेघ मार. बाळला घोषणेत भावंडं विचारतील, तिथं तोही 'नाहीत' लिहू दे. मीही माझ्या कागदावर 'भाऊ नाही' असं लिहून देते. कागदच तर आहे. रक्त काही कागदानं बदलत नाही.

मी तुला त्रास देणार नाही. तू सांगशील तिथं उभी राहीन. तुला हात जोडते, मला चौथीत घे.

तुमची
ताई


विभागीय कार्यालय
१० ऑक्टोबर

प्रिय ताई,

किती दिवसांनी तुला स्वतः लिहितोय! नेहमी हिच्या पत्राला चिठ्ठी जोडतो. रागावू नकोस, मला लिहायचा कंटाळा, तुला माहीतच आहे.

आधी गोड बातमी. तुझं काम झालं! ही आधी तयार नव्हती, पण मी म्हटलं, ताईसाठी एवढं करायलाच हवं. मग तिनं कागद पुढे ठेवला आणि मी सही केली. 'भावंडे' समोर 'नाहीत' लिहिलं. खरं सांगू, पेन क्षणभर अडलं. मग हिनं सांगितलं की नुसती औपचारिकता आहे, तेव्हा बरं वाटलं. तुझीच तर कल्पना. तू नेहमीच डोकेबाज.

आता दोन-तीन बारीकसारीक गोष्टी, हिनं सांगायला सांगितल्यात. आम्ही येऊ तेव्हा विमानतळावर येऊ नकोस, ऑफिसची माणसं घ्यायला येणार आहेत. आम्हाला घर तुझ्याच इमारतीत मिळालंय, वरचा मजला, गंमत आहे ना! पण तिथं ऑफिसचे बरेच लोक राहतात, तेव्हा वर येत जाऊ नकोस. जिन्यात भेटलो तर 'नमस्कार' पुरे. आणि मला बाळ म्हणू नकोस चारचौघांत. मलाही तुला ताई न म्हणायची सवय करायला हवी. आजपासूनच सुरुवात करतो, म्हणजे तिकडे चुकायला नको.

आणखी एक. हिच्या खुर्चीच्या खोलीची किल्ली तुझ्याकडे आहे म्हणे. पहिल्याच दिवशी तिच्या टेबलावर ठेव.

तब्येतीला जप. फार जड उचलू नकोस.

तुझा
(आता सही काय करू, सांग बरं!)


मुख्य कार्यालय, सभा विभाग
१९ नोव्हेंबर

वरिष्ठ सभा साहाय्यक
यांस,

महोदया,

आपण आज बाहेरच्या बैठकीत असल्यामुळे लेखी कळवते आहे.

उद्याच्या परिषदेसाठी मोठ्या सभागृहातील पाट्या लावून झाल्या. पाण्याचे जग सकाळी भरीन. आपण रचनेत केलेल्या बदलाप्रमाणे उत्तरेकडच्या दोन शिष्टमंडळांना शेजारी बसवलं आहे. मला त्याबद्दल काही सांगायचं होतं, पण आपण परवा म्हणालात की रचना हे चौथ्या श्रेणीचं काम नाही, म्हणून सांगत नाही.

आस्थापनेच्या साहेबांनी जिन्यात थांबवून विचारलं की आपली आणि माझी पूर्वीची ओळख आहे ना. मी सांगितलं, नावापुरती. घरी जाणं-येणं नाही.

दुपारी आपले यजमान आपल्याला भेटायला आले होते. मी पाट्यांची पेटी घेऊन लिफ्टजवळ उभी होते. आमच्या विभागातली तीन-चार माणसं तिथं होती. यजमानांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, सभा विभाग कितव्या मजल्यावर आहे?" मी त्यांना सहावा मजला सांगितला. ते "थँक यू" म्हणाले. लिफ्टमध्ये माझ्या पेटीला जागा नव्हती, म्हणून मी जिन्यानं वर आले. तोवर ते गेले होते.

त्यांची छत्री खालीच राहिली होती. ती आपल्या टेबलाजवळ ठेवली आहे.

आपली आज्ञाधारक,
सभा साहाय्यक, श्रेणी चार